निळीपासून विद्युत्पटापर्यंत



रंग आणि वीज या दोन गोष्टींचे नाते आपण सहसा जोडीत नाही. रंग हा रंगाऱ्याच्या कढईतला, वीज ही तारेतली. एकाचा धंदा दुसऱ्याला ठाऊक नसतो आणि ठाऊक असण्याचे कारणही पडत नाही. परंतु आज मला ज्या पदार्थांचा इतिहास आपल्यापुढे मांडावयाचा आहे, त्यांत या दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात. हे पदार्थ जातीने प्लॅस्टिकचे भाऊबंद आहेत. काचेवर त्यांचा पातळ लेप द्यावा, एक-दोन व्होल्टांचा विजेचा दाब लावावा, की तांबड्याचा निळा होतो, निळ्याचा जवळजवळ पारदर्शक होतो. दाब उलटा केला की मूळ रंग परत येतो. पुष्कळ पदार्थांत तर दाब काढून घेतल्यावरही रंग काही काळ तसाच राहतो. आकडे, अक्षरे आणि चित्रे दाखविणारा विद्युत्पट अशा लेपाचा करता येईल, या आशेने जगातील अनेक प्रयोगशाळा गेली चाळीसहून अधिक वर्षे राबत आल्या आहेत.

हा शोध कालपरवाचा आहे अशी आपली समजूत होणे साहजिक आहे. पण वस्तुस्थिती निराळी आहे. अशा एका पदार्थाचे रंगपालट १८६२ साली लंडनमध्ये एका डॉक्टराने पाहिले होते आणि छापूनही ठेवले होते. मग त्याचा अर्थ लागण्यास शंभराहून अधिक वर्षे का लागली? माझ्या आजच्या व्याख्यानाचा हाच मुख्य प्रश्न आहे.

कथेचा आरंभ आपल्या ओळखीच्या निळीपासून होतो. 'नील' हा आपला संस्कृत शब्द अरबांनी उचलला, त्याला आपले उपपद जोडून 'अन्-नील' केला आणि पोर्तुगीज-स्पॅनिश भाषांत तो 'अनिल' होऊन बसला. १८२६ साली उन्फरडोर्बन या जर्मन रसायनज्ञाने निळीच्या ऊर्ध्वपातनातून एक तेलकट द्रव मिळविला. १८३४ साली रुंग याने दगडी कोळशाच्या डांबरातून तसाच एक द्रव वेगळा केला आणि त्याला आपल्या मनाने निराळे नाव दिले. १८४० साली फ्रिट्शे याने नीळ दाहक पोटॅशबरोबर तापवून तोच द्रव पुन्हा मिळविला आणि निळीवरून त्याचे 'ॲनिलीन' असे नामकरण केले. ही सारी नावे एकाच वस्तूची आहेत हे होफमान याने १८४३ साली दाखवून दिले. एकच पदार्थ, आणि प्रत्येकाने आपल्या दारातून पाहून त्याला दिलेले वेगळे नाव! पुढच्या सगळ्या इतिहासात हाच प्रकार आपल्याला मोठ्या प्रमाणावर दिसणार आहे.

आता १८६२ सालाकडे वळू. लंडन हॉस्पिटलच्या वैद्यकीय महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकविणारे डॉ. हेन्री लेथबी हे लंडन शहराचे आरोग्याधिकारीही होते. नायट्रोबेन्झीन या द्रव्याच्या विषबाधेने झालेल्या दोन मृत्यूंचा तपास त्यांच्यापुढे आला होता. या विषाचे शरीरात ॲनिलीन होते असे त्यांना आढळले. म्हणून अत्यल्प ॲनिलीनही ओळखता येईल अशी खूण ते शोधीत होते. ॲनिलीन गंधकाम्लात मिसळून त्यांनी त्यातून प्लॅटिनमच्या पत्र्यांच्या साहाय्याने वीज सोडली. धन बाजूच्या पत्र्यावर हिरवट-निळ्या रंगाचा जाड थर चढला. हा पदार्थ पाण्यात विरघळेना. त्यातील ऑक्सिडीकरण उलट फिरविणारे द्रव्य घातले की त्याचा रंग उडे आणि पुन्हा ऑक्सिडीकरण झाले की रंग परत येई. आम्लात तो हिरवा दिसे, अल्कधर्मी द्रवात निळा.

आजच्या ज्ञानाने पाहिले तर लेथबींच्या हाती वीज वाहणारे, रंग बदलणारे बहुवारिक आले होते. बहुवारिक म्हणजे एकाच घाटाचे शेकडो लहान रेणू एकमेकांना जोडून झालेली लांब साखळी. यालाच पॉलिमर म्हणतात. या साखळीचे नाव आज पॉलिॲनिलीन. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. पत्र्यावर चढणारा थर जर लाकडासारखा वा लाखेसारखा वीजरोधक असता, तर पहिला पातळ पापुद्रा बसताच विजेची वाट बंद झाली असती आणि थर तेथेच थांबला असता. थर जाड झाला, याचाच अर्थ वीज त्या थरातून जात होती. पुरावा पत्र्यालाच चिकटलेला होता. पण लेथबी शोधीत होते विषाची खूण. ती त्यांना मिळाली आणि त्यांचे काम संपले. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. माणूस ज्या प्रश्नाचे उत्तर शोधतो तेच त्याला दिसते.

पुढच्याच वर्षी, म्हणजे १८६३ साली, लँकेशायरमधील ॲक्रिंग्टन गावच्या जॉन लाइटफूट या कापड छापणाऱ्याने याच कुळातील काळ्या रंगाचे पेटंट घेतले. सुताच्या तंतूतच ॲनिलीनचे ऑक्सिडीकरण घडवून आणावयाचे, की कापडावर दाट काळा रंग बसतो. 'ॲनिलीन ब्लॅक' या नावाने हा रंग जगभर गेला. छत्र्यांची, अस्तरांची, सुतकाच्या पोशाखांची कापडे त्यात रंगली. परंतु या रंगात एक खोड होती. कारखान्यांच्या शहरांतील हवेत कोळशाच्या धुराबरोबर गंधकाचे वायू येत, आणि त्यांच्या स्पर्शाने काळे कापड हळूहळू हिरवे पडे. रंगाऱ्यांच्या दृष्टीने हा शुद्ध कलंक होता. हिरवा न पडणारा काळा रंग कसा करावा, यासाठी कित्येक वर्षे प्रयत्न झाले आणि त्याच्या कृती पेटंटांतून जपल्या गेल्या.

श्रोतेहो, या ठिकाणी क्षणभर थांबू. पॉलिॲनिलीनच्या अनेक अवस्थांपैकी वीज चांगली वाहून नेते ती नेमकी आम्लयुक्त हिरवी अवस्था. म्हणजे रंगारी ज्याला डाग समजून घालवीत होते, तीच या पदार्थाची सर्वांत मोलाची अवस्था होती. तिला घालविण्यात एका धंद्यातील उत्तमोत्तम बुद्धी खर्च झाली, आणि तिचा विजेशी काही संबंध असेल हे कोणाच्या मनातही आले नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन रसायनज्ञ विल्श्टेटर आणि इंग्लंडमध्ये लीड्स येथे ग्रीन व वुडहेड यांनी या काळ्या रंगाची रासायनिक चिकित्सा केली. १९१० साली ग्रीन व वुडहेड यांनी त्याच्या ऑक्सिडीकरणाच्या चढत्या पायऱ्या सांगितल्या. तळाची जवळजवळ रंगहीन, मधली पाचूसारखी हिरवी म्हणून 'एमेराल्डीन', आणि वरच्या निळ्या-जांभळ्या. रंगांचा हा जिना त्यांनी अचूक मांडला. तरीही प्रश्न रंगाचाच राहिला. त्या काळी सेंद्रिय पदार्थ आणि वीज यांचा संबंध एवढाच, की रबर, गट्टापर्चा, बेकेलाइट यांची वेष्टणे तारांवर घालावयाची, कारण त्यांतून वीज जात नाही. जे वीज अडविण्याकरिता वापरावयाचे, त्यातून वीज वाहते का, हे कोण मोजणार?

वीज का वाहते आणि रंग का बदलतो, हे आता थोडक्यात सांगतो. या साखळ्यांत कार्बनच्या अणूंमधील बंध एकाआड एक एकेरी आणि दुहेरी असतात. त्यामुळे काही इलेक्ट्रॉन एका अणूला बांधलेले न राहता साखळीभर पसरलेले असतात. मात्र जागा सगळ्या भरलेल्या असतात. या सभागृहातील एका रांगेतील प्रत्येक खुर्चीवर माणूस बसला असेल, तर कोणालाही सरकता येत नाही. पण एक गृहस्थ उठून गेले की शेजारचा त्या जागी सरकतो, त्याच्या जागी त्याच्या पलीकडचा, आणि रिकामी खुर्ची रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रवास करते. ब्रोमीन वा आयोडीन यांसारखे इलेक्ट्रॉन ओढून घेणारे द्रव्य, किंवा विजेचा धन दाब, साखळीतून काही इलेक्ट्रॉन उठवितो. मग वीज वाहू लागते.

रंगाचे कारणही तेच. इलेक्ट्रॉन प्रकाशाचा काही भाग गिळून वरच्या पायरीवर उडी घेतात. गिळलेला भाग वजा जाता जो उरतो तो आपल्याला रंग म्हणून दिसतो. जागा रिकाम्या झाल्या की पूर्वी अशक्य असलेल्या लहान उड्या शक्य होतात. लहान उडीला तांबडा किंवा त्याच्याही पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश पुरतो. गिळावयाचा प्रकाश बदलला म्हणजे उरलेला रंगही बदलला. तात्पर्य, या पदार्थांत रंग आणि वाहकता या दोन वेगळ्या करामती नाहीत. रंगावरून त्याची विद्युत् अवस्था वाचता येते. रंगारी १८६३ पासून तेच वाचीत होता, फक्त त्याची लिपी त्याला कळत नव्हती.

एका शतकानंतर काही जणांनी मोजणीला आरंभ केला. १९६३ साली ऑस्ट्रेलियातील शासकीय संशोधनसंस्थेत डोनाल्ड वाइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पायरोल नावाच्या संयुगापासून केलेल्या बहुवारिकात आयोडीन मिळविले आणि ते वीज चांगली वाहते असे प्रसिद्ध केले. त्याच दशकात पॅरिसमध्ये मार्सेल योझेफोविच व त्यांचे सहकारी पॉलिॲनिलीनची वाहकता मोजीत होते. पण या कामाकडे जगाचे फारसे लक्ष गेले नाही. दुसऱ्या बाजूला, विजेच्या योगाने रंग पालटण्याच्या क्रियेला अमेरिकेतील प्लॅट यांनी १९६१ साली 'इलेक्ट्रोक्रोमिझम' हे नाव दिले होते, आणि १९६९ साली सत्येन देब यांनी टंगस्टन ऑक्साइडचा पातळ थर विजेने निळा करून दाखविला. रंगवाले आपल्या वाटेने चालले होते, वीजवाले आपल्या.

या वाटा जवळ आल्या त्या एका चुकीमुळे. १९६७ साली टोकियो तंत्रशास्त्र संस्थेत हिदेकी शिराकावा ॲसिटिलीन वायूपासून बहुवारिक करण्याचा अभ्यास करीत होते. कोरियाहून आलेल्या एका अभ्यागत संशोधकाने त्यांच्या कृतीप्रमाणे प्रयोग केला. मात्र उत्प्रेरक, म्हणजे क्रिया घडवून आणणारे द्रव्य, हजारपट पडले. नेहमीच्या काळपट भुकटीऐवजी भांड्याच्या कडेला चंदेरी चमकीचा पापुद्रा धरला. दुसऱ्या कोणी भांडे धुऊन टाकले असते. शिराकावा यांनी चूक कोठे झाली ते शोधून काढले आणि तीच चूक जाणूनबुजून, नीट मापून, पुनःपुन्हा केली.

१९७५ साली मूळचे न्यूझीलंडचे आणि अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात प्राध्यापक असलेले ॲलन मॅकडायर्मिड जपानात आले होते. ते गंधक आणि नायट्रोजन यांच्या सोनेरी रंगाच्या, वीज वाहणाऱ्या बहुवारिकावर काम करीत होते. टोकियोतील व्याख्यानानंतर चहाच्या वेळी त्यांची शिराकावांशी गाठ पडली. एकाच्या हाती सोनेरी पदार्थ, दुसऱ्याच्या हाती चंदेरी. मॅकडायर्मिड यांनी शिराकावांना अमेरिकेस बोलाविले. तेथे पदार्थविज्ञानाचे ॲलन हीगर होतेच. २३ नोव्हेंबर १९७६ रोजी चंदेरी पापुद्र्याला ब्रोमीनची वाफ दिली, आणि पाहता पाहता त्याची वाहकता सुमारे एक कोटीपटींनी वाढली. १९७७ साली हे काम प्रसिद्ध झाले आणि २००० साली तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

वीज वाहणारे प्लॅस्टिक या तिघांनी प्रथम शोधले, असे पुष्कळदा म्हटले जाते. वाइस, योझेफोविच आणि त्यांच्याही आधीचे लेथबी यांच्या स्मृतीसाठी ते दुरुस्त करणे हे इतिहास सांगणाऱ्याचे कर्तव्य आहे. परंतु तिघांचे श्रेय त्यामुळे कमी होत नाही. रसायनज्ञ आणि पदार्थवैज्ञानिक एका टेबलाशी बसले, वाहकता इच्छेप्रमाणे कमी-अधिक करता येते हे त्यांनी दाखविले, आणि असे का होते याची उपपत्ती पुढे आली. विखुरलेल्या निरीक्षणांचे एक शास्त्र झाले ते त्यांच्यानंतर.

आणि मग जुना रंग परत आला. १९७९ साली कॅलिफोर्नियातील आयबीएमच्या प्रयोगशाळेत डियाझ आणि कानाझावा यांनी लेथबींप्रमाणेच प्लॅटिनमवर वीज सोडून पायरोलच्या बहुवारिकाचा थर बसविला. हा थर विजेने पिवळसर आणि निळा-काळा असा पालटतो. १९८३ साली फ्रान्समध्ये गार्निये व सहकाऱ्यांनी थायोफीनची बहुवारिके तांबड्याची निळी करून दाखविली. १९८४ साली जपानमध्ये कोबायाशी, योनेयामा आणि तामुरा यांनी पॉलिॲनिलीनचा लेप विद्युत्पटासाठी वापरण्याचे काम प्रसिद्ध केले. लेथबींचा हिरवट-निळा थर, एकशेबावीस वर्षांनी, आपल्या खऱ्या नावाने ओळखला गेला.

विद्युत्पटाची रचना साधी असते. वीज वाहणाऱ्या पारदर्शक लेपाच्या दोन काचा, एका काचेवर बहुवारिकाचा पापुद्रा, मध्ये क्षार विरघळलेला दाट लगदा आणि पलीकडे विजेचा हिशेब पुरा करणारा दुसरा थर. पट स्वतः उजेड पाडीत नाही. छापलेल्या कागदासारखा तो भर उन्हातही स्वच्छ दिसतो. एकदा रंगला की त्याला सतत वीज लागत नाही.

मग आपल्या घड्याळांत, दूरचित्रवाणीत हा पट का दिसत नाही? याचेही उत्तर प्रामाणिकपणे दिले पाहिजे. १९६८ साली अमेरिकेत द्रव-स्फटिकांचा पट जाहीर झाला आणि १९७० च्या दशकात तो गणकयंत्रांत व मनगटी घड्याळांत शिरला. द्रव-स्फटिकाच्या रेणूला फक्त वळावे लागते. आपल्या बहुवारिकाला मात्र प्रत्येक रंगपालटाच्या वेळी लगद्यातील विद्युत्भारित कण आत घ्यावे किंवा बाहेर सोडावे लागतात, जसे दार उघडून पाहुण्यांची ये-जा व्हावी तसे. त्याला वेळ लागतो. पापुद्रा फुगतो आणि आकसतो, हवेतील प्राणवायू व ओलावा त्याला बाधतात, आणि हजारो पालटांनंतर तो थकतो. हलते चित्र दाखविण्याच्या शर्यतीत तो मागे पडला, यात नवल नाही.

आणखी एक अडचण हिरव्या रंगाची होती. तांबडा आणि निळा देणारी बहुवारिके लवकर मिळाली. पण विजेवाचून हिरवा दिसणारा आणि वीज लागताच फिका पडणारा पदार्थ हवा, तर त्याने तांबडा आणि निळा हे दोन्ही प्रकाश एकाच वेळी गिळले पाहिजेत. असा हिरवा साधला आणि तिन्ही रंगांच्या बहुवारिकी पटाची घोषणा झाली ती २००४ साली, सोनमेझ, वूड्ल आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडून. २००८ साली फ्लोरिडा विद्यापीठात रेनल्ड्स यांच्या गटाने काळा असून पारदर्शकाकडे जाणारे बहुवारिक केले. लाइटफूटच्या वंशजांनी जो पक्का काळा मागितला होता, त्याच्या नेमका उलटा गुण या काळ्यात हवा होता. तो पाहिजे तेव्हा जावा!

दरम्यान हे पदार्थ दुसऱ्या दारांनी उपयोगात आले. जर्मनीतील बायर कंपनीत १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात थायोफीनच्या कुळातील 'पेडॉट' हे बहुवारिक तयार झाले. छायाचित्रांच्या फितीवर स्थिर विजेच्या ठिणग्या पडून डाग उमटू नयेत म्हणून त्याचा फिकट निळसर लेप दिला जाई. पुढे त्याची शाई करून स्वीडनमधील संशोधकांनी २००२ साली चक्क कागदावर रंग बदलणाऱ्या पटाची छपाई केली. आज अशा शाईने प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यावर आकडे आणि खुणा छापता येतात. ज्या वस्तूला थोडेच सांगावयाचे आहे आणि वीजही थोडीच मिळणार आहे, तेथे या पटाची जागा आहे. दूरचित्रवाणीचे सिंहासन त्याला मिळाले नाही. पण लेबलावरची, वेष्टणावरची चिमुकली खूण होणे हेही काम आहे.

आता माझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर. शंभर वर्षे का लागली? उपकरणे नव्हती म्हणून नव्हे. वाहकता मोजण्याची साधी साधने लेथबींच्याही काळी होती. बुद्धिमान माणसे नव्हती म्हणूनही नव्हे. डॉक्टराला विष दिसले, रंगाऱ्याला डाग दिसला, रसायनज्ञाला रंगांचा जिना दिसला, वीजतंत्रज्ञाला वेष्टण दिसले. प्रत्येकाचे पाहणे खरे होते, पण शेजारच्या खोलीत जाऊन विचारण्याची रीत नव्हती. आपल्या शाळा-महाविद्यालयांत, आपल्या कारखान्यांत आणि धंद्यांत ती रीत आज आहे काय, याचा विचार आपण प्रत्येकाने करावा. रसायनाच्या विद्यार्थ्याने विजेच्या वर्गात डोकावणे, यंत्रज्ञाने रंगाऱ्याला त्याचा डाग दाखवावयास सांगणे, हे वेळ घालविणे नव्हे. १९७५ सालच्या त्या चहाच्या वेळेस जी गाठ पडली, ती कोणत्याही वेळापत्रकात नव्हती.

आपल्यासारखी निरनिराळ्या धंद्यांची माणसे एका मांडवाखाली बसून एकमेकांच्या विषयांचे व्याख्यान ऐकतात, तेव्हा त्या शेजारच्या खोलीचे दार थोडेसे उघडते असे मला वाटते.